टाकीच्या झाकणाखाली

वहिनीचा फोन आला तेव्हा मी महाडला तळ्याच्या कडेला भाजीवालीशी अळूच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. "ताई, हे उठत नाय," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, उठत नाही म्हणजे काय? तर पलीकडून नुसता पावसाचा आवाज, आणि मग पुन्हा तेच. "हाक मारली, हलवलं... उठत नाय." माझा थोरला भाऊ, यशवंत, आमच्या कापडे गावच्या घरात रात्री जेवून झोपला तो झोपलाच. दुखणं नाही, दवाखाना नाही, कुणाला दमवणं नाही. हा माणूस इतका सरळ जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण आयुष्यात एकही गोष्ट त्याने वाकडं वळण न घेता केली नव्हती. जुडी तशीच टाकून मी एसटीने पोलादपूर गाठलं, तिथून रिक्षाने कापडे. अंगणात माणसं छत्र्या धरून उभी होती आणि दारात दादाची स्कूटर होती, सीटवर पिशवी, आरशांवर पिशव्या. पडवीतल्या विजेच्या मीटरवर प्लॅस्टिक. आत त्याच्या उशाशी मनगटी घड्याळ होतं, तेही पारदर्शक पिशवीत घालून वर रबरबँड लावलेलं. मला हसू फुटलं. अशा वेळी हसायचं नसतं हे कळत होतं, पण फुटलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि तिनेही पदर तोंडाला लावला. त्यानंतर आम्ही दोघी जे रडलो ते शेजारच्या बायकांनी येऊन आवरलं.

त्याला जाऊन आता काही आठवडे झालेत. ज्यांनी दादाला पाहिलं नाही त्यांना आधी हे प्लॅस्टिकचं प्रकरण सांगायला हवं. आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्कामालाच असतो, त्यामुळे पावसाळ्याआधी वस्तू झाकणं सगळेच करतात. पण दादा झाकायचा तसं कुणी झाकत नसे. मिठाची पिशवी, दुधाची पिशवी, साडीची पिशवी, लग्नात मिळालेल्या टॉवेलचं वेष्टण, सगळं धुऊन, पुसून, घडी घालून तो कपाटात ठेवायचा आणि मे महिना संपत आला की घरभर हिंडून जे जे उघडं दिसेल ते बांधायचा. भोक दिसलं की त्याला चैन पडत नसे. वहिनी म्हणायची, "एक दिवस मला पण बांधून ठेवतील." मला मात्र त्या सवयीचं मूळ ठाऊक होतं. आम्ही दोघं पोलादपूरच्या शाळेत चालत जायचो. खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लॅस्टिक वडिलांनी एकदा शेतावरून आणलं. दादाने त्याची माझ्यासाठी खोळ केली, डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत, आणि उरलेल्या तुकड्यात माझं दप्तर गुंडाळलं. त्याच्या वाट्याला गोणपाट आलं. शाळेत पोचल्यावर माझ्या वह्या कोरड्या असायच्या आणि तो वर्गात ठिबकत उभा राहायचा. गुरुजी ओरडायचे त्याला. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या पिशव्यांना मी कोणत्या तोंडाने नावं ठेवणार? तरी ठेवली, आयुष्यभर ठेवली, तो भाग वेगळा.

दादाची नोकरी महाडच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली. तिथल्या पाहुण्यांच्या बंगल्यापुढे मोठी हिरवळ होती आणि ती कापायला एक गाडी होती. गाडी म्हणजे तिच्यावर चक्क बसायचं, स्टिअरिंग धरायचं, आणि खाली पोटाशी पाती फिरून गवत कापलं जायचं. पुढे कारखान्याने हिरवळ काढून फरशीचे ठोकळे बसवले आणि गाडी शेडमध्ये गंजत पडली. दादा निवृत्त झाला तेव्हा साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं की निरोपाला काय देऊ, भिंतीवरचं घड्याळ की सूटकेस. दादा म्हणाला, ती गवताची गाडी द्या. साहेब हसले, पण देऊन टाकली. एका टेम्पोत चढवून तो ती कापड्याला घेऊन आला, तेव्हा वाडीतली झाडून सगळी माणसं बघायला गोळा झाली. आमच्या हौसाकाकी, वाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आणि सगळ्यांत तोंडाळ, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "यशवंता, ट्रॅक्टर लहानपणीच उचलून आणलास काय रे?"

पण गाडी आणण्यामागे त्याचा एक हेतू होता, आणि तो काही खेळ नव्हता. पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, वर्षावासाचं. आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते. मुंबईची माणसं येतात, पटांगणात मांडव पडतो, सगळ्या वाडीचं जेवण तिथेच. तोवर पटांगणातलं गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं. ते कापायला घरटी एक माणूस विळा घेऊन यायचा, ही आमची जुनी रीत. माणूस म्हणायचं, पण पुरुष सगळे मुंबईला, तेव्हा वाकायच्या त्या बायकाच, आणि त्याही आता साठीच्या पुढच्या. एका वर्षी आमची वहिनी, सुमन, विळा टाकून उठायला गेली आणि उठूच शकली नाही. सांगतेच्या दिवशी ती घरात पाठीला गरम पिशवी लावून पडून होती आणि विहारातली गाणी खिडकीतून ऐकत होती. दादाने ते पाहिलं. गाडी आली तेव्हा वाडीच्या बैठकीत उभा राहून त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदापासून पटांगणात कुणी बाई वाकणार नाय. मी बसून कापीन." हौसाकाकी लगेच म्हणाल्या, "आणि तुझी गाडी बसली तर?" सगळे हसले. दादा हसला नाही. त्याने शब्द दिला होता, आणि तोही बायकोच्या पाठीसाठी.

गाडी सुरू व्हायची, चालायचीही. गोम होती ती उभी केल्यावर. पटांगणात दगडगोटे फार, म्हणून थोडं कापलं की थांबायचं, पुढचे दगड बायकांनी वेचायचे, मग पुन्हा चालवायची. थांबून इंजिन हळू केलं की त्याचं तंत्र बिघडायचं. एकदम जोरात, मग एकदम मंद, मग पुन्हा जोरात, जिना चढून आलेल्या माणसाच्या श्वासासारखं. दोन-चार वेळा असं करून ते बंद पडायचं. बॅटरी म्हातारी, एकदा बंद पडलं की सुरू व्हायला रुसायचं. मग गाडी ढकलत सावलीत न्यायची, बायका पुन्हा विळे शोधायला लागायच्या, आणि दादाचा चेहरा बघवत नसे. सांगता जवळ येत चालली होती, आणि पटांगणाची जेमतेम एक कड कापून झाली होती.

पोलादपूरहून इकबाल मिस्त्री आला. त्याने कान लावून ऐकलं आणि निदान केलं, "स्लोला धरत नाय, दादा. प्लग गेलाय." नवा प्लग बसवला. दादाने टाकी उघडून पेट्रोल भरलं, टाकी बंद केली, गाडी सुरू केली. इंजिन असं गोड चाललं की इकबालला दोनदा चहा झाला. तो एसटी स्टँडपर्यंतही पोचला नसेल, तोच पुन्हा तीच धाप. मग डोंगरावरच्या कुडपणहून वहिनीच्या ओळखीचे सखारामभाऊ उतरले. त्यांच्याकडे भातशेतीचा पॉवर टिलर, त्यामुळे इंजिनाबद्दल ते अधिकाराने बोलायचे. त्यांनी कार्बोरेटर सोडवला, पेट्रोलमध्ये धुतला, बारीक तारेने त्याची छिद्रं साफ केली. दादाने टाकी उघडली, भरली, बंद केली. इंजिन सुरळीत. सखारामभाऊंना कोंबडीचं जेवण झालं. ते डोंगर चढायला लागले आणि इकडे इंजिनाने मान टाकली. मग कुणी म्हणालं पॅकिंगमधून हवा खातंय, कुणी म्हणालं पेट्रोलमध्येच पाणी आहे. ज्याने ज्याने हात लावला त्याच्या हाताला तेवढ्यापुरतं यश आलं. मी सुट्टीला म्हणून गेले होते, तर माझंही ऐकून दादाने हवेची जाळी धुतली, आणि गाडी चालली. वाडीत माझा काय मान वाढला! तो तासाभरात उतरलाही.

एक गोष्ट मात्र तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. टाकीला दादा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे, सांडतं म्हणून. दर दुरुस्तीनंतर टाकी तोच उघडायचा आणि तोच बंद करायचा.

तो दिवस मला लख्ख आठवतो. पटांगणाच्या मध्यावर गाडी उभी होती, दादा वर बसलेला, आणि खाली इंजिन आचके देत होतं. बायका दगड वेचायच्या थांबून गाडीकडे बघत होत्या. एवढ्यात घराकडून वहिनी तणतणत आली. तिने लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बांधायला एक जाड प्लॅस्टिक मुद्दाम धुऊन, वाळवून ठेवलं होतं आणि ते सापडत नव्हतं. ते कुणी नेलं असणार हे शोधायला तिला फार डोकं लागलं नाही. तिने गाडीवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, आणि टाकीच्या झाकणाखालून डोकावणारी प्लॅस्टिकची कड तिला दिसली. "हे काय? माझ्या बरणीचं हाय हे!" दादा "अगं, अगं" म्हणेस्तोवर तिने झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज झाला. वहिनीने प्लॅस्टिक ओढून काढलं, झाकण तसंच वर ठेवलं आणि ती चालू लागली. आणि इंजिन... इंजिन शांत झालं. एका लयीत, एका आवाजात चालायला लागलं. वहिनी अर्ध्या वाटेवर थांबली. आम्ही सगळ्याच थांबलो. ते बंद पडण्याची वाट बघत आम्ही उभ्या होतो, आणि ते चालतच होतं.

झालं होतं असं. त्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी आत हवा जावी म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पण दादाला गाडी मिळाली त्या दिवशीच ते भोक दिसलं, आणि त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो पावसाचा. झाकणाला भोक, म्हणजे पाणी जाणार! त्याने टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिक ताणून रबरबँड लावला आणि वर झाकण फिरवून घट्ट केलं. गाडी चालताना खाचखळग्यांत झाकण हलायचं, कुठून तरी थोडी हवा शिरायची. उभी राहिली की प्लॅस्टिक चपखल बसायचं आणि पेट्रोल अडायचं. झाकण उघडलं की हवा जायची आणि त्या क्षणी जो कुणी दुरुस्तीला असेल त्याचं नाव व्हायचं. बरं, ती प्लॅस्टिकची कड इकबालने पाहिली होती, सखारामभाऊंनी पाहिली होती, मीही पाहिली होती. पण आमच्याकडे पावसाळ्यात कशावर प्लॅस्टिक दिसलं तर ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. उघडं असलेलंच डोळ्यांत भरतं.

मी शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे मला राहवलं नाही. मी दादाला तेलाच्या डब्याचं उदाहरण दिलं. एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, दुसरं पाडलं की धार सरळ पडते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गो शालू, तुझं शाळेतलं शाळेत ठेव. सखारामचा कार्बोरेटर आत्ता बसला. नवीन धुतला की बसायला वेळ लागतो." वहिनी म्हणाली, "आणि माझं प्लॅस्टिक?" तर म्हणे, "त्याचा काय संबंध नाय." त्या वर्षी पटांगण पुरं कापून झालं. सांगतेला वहिनी पांढरी साडी नेसून पहिल्या ओळीत ताठ बसली होती, आणि हौसाकाकी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "यशवंताची गाडी बसली नाय. आपणच बसलो, बायांनो!" दादा तेव्हा हसला, अगदी मनापासून.

पण चूक कबूल करेल तो दादा कसला. पुढच्या पावसाळ्यात झाकणाखाली पुन्हा प्लॅस्टिक. वहिनीने गुपचूप काढलं. त्याने गुपचूप लावलं. तिने पुन्हा काढलं. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं, आणि दोघंही एकमेकांना त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवसाला महाडच्या तळ्यावर माणसं येतात तेव्हा माझं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. दादा गॅलरीत चहाचा कप घेऊन बसायचा आणि ओळखीच्या, अनोळखी कुणालाही गवताच्या गाडीची गोष्ट सांगायचा. त्या गोष्टीत इकबाल असायचा, सखाराम असायचा, कार्बोरेटर तर असायचाच. प्लॅस्टिक कधीच नसायचं. स्वयंपाकघरात वहिनी आणि मी एकमेकींकडे बघून डोळे मिचकवायचो. मधल्या काळात त्याने वहिनीलाही गाडी चालवायला शिकवली होती. ती पदर खोचून बसायची, तो बाजूने चालत "हळू, हळू" करायचा, आणि ती त्याला "तुम्ही आधी बाजूला व्हा" म्हणायची.

माझी त्याची शेवटची भेट यंदाच्या पावसाच्या तोंडावर झाली. मी कापड्याला गेले तर तो स्वयंपाकघरात गॅसपाशी बसून पोती शिवायचा दाभण चिमट्यात धरून तापवत होता. मी विचारलं, हे काय आरंभलंस? "काय नाय गो, चपलेच्या पट्ट्याला भोक पाडायचं हाय," म्हणाला आणि लगबगीने उठून मागच्या पडवीत गेला. मागच्या पडवीतच ती गाडी ठेवलेली असते, पण मला तेव्हा काही सुचलं नाही. मी फणसाची भाजी खाल्ली, वहिनीला त्या चपलेचं सांगितलं, त्याच्याशी थोडं भांडले, आणि तिन्हीसांजेच्या आत महाडला परत आले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, दादाच्या नावाने जेवण होतं तेव्हा, त्याचा मुलगा अमोल, मुंबईला असतो तो, आईला म्हणाला, "ती गाडी देऊन टाकू भंगारात. आता कोण चालवणार?" त्याचंही चुकत नव्हतं. वहिनी ताटं मांडत होती, तिने मान वर केली नाही. "सांगता होऊ दे. यंदाचं पटांगण त्याच गाडीनं कापायचं. नाय चालली तर ने मग," एवढंच म्हणाली. मला तिचा आवाज ओळखता येतो. तिला गवताची फिकीर नव्हती. त्याने सगळ्यांसमोर दिलेला शब्द तो नसतानाच्या पहिल्याच वर्षी मोडू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि गाडी तिने एकटीने कधी चालवलेली नव्हती.

पौर्णिमा तोंडावर आली तशी मी राहायलाच गेले. परतीचा पाऊस अधूनमधून येतच होता. एका उघडिपीला आम्ही गाडी बाहेर काढली. इकबालने बॅटरी आणून जोडली. वहिनी पदर खोचून वर बसली. गाडी सुरू झाली, पटांगणात गेली, गवताची एक पट्टी खाली पडली, आणि वहिनीने दगडांसाठी गाडी थांबवली. इंजिन हळू झालं. सगळ्या बायका कान देऊन उभ्या. हौसाकाकी काठीवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "आता दम लागंल तिला." पण नाही लागला. दगड वेचून झाले, दुसरी पट्टी, तिसरी, मध्येच एक सर येऊन गेली, आणि दर वेळी थांबल्यावर इंजिन संथ, एका लयीत चालत राहिलं. वहिनीचा चेहरा उजळत गेला. मला आनंद झाला, झालाच, पण आत कुठेतरी चरचरलं. इंजिन असं चालतंय म्हणजे यंदा त्याने प्लॅस्टिक लावलंच नाही. थकला होता की काय? आम्हाला कळू न देता त्याने हात आवरता घेतला होता की काय? सगळं घर बांधून गेलेला माणूस ही एवढी एक गोष्ट उघडी ठेवून कसा गेला?

अर्धं पटांगण झालं तेव्हा पेट्रोल भरायला मी कॅन घेऊन गेले. वहिनीने झाकण फिरवलं, आणि आम्ही दोघी तशाच बघत राहिलो. टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिक होतं. जाड, धुतलेलं, नीट ताणून रबरबँड लावलेलं, कड यंदा बाहेर डोकावू नये म्हणून दुमडलेली. आणि त्याच्या मधोमध एक भोक होतं, झाकणाच्या भोकाच्या बरोबर खाली. तापल्या दाभणाने पाडलेलं, कडा वितळून गोल घट्ट झालेल्या, फाटू नये म्हणून.

वहिनीने त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "चपलेचा पट्टा म्हणाले होते ना तुम्हाला?" तिने विचारलं. मी मान हलवली. "म्हणजे पटलं होतं," ती म्हणाली, आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "तोंडानं कधी बोलले नाय. पण पटलं होतं."

आम्ही पेट्रोल भरलं. मी प्लॅस्टिक माझ्याकडे ठेवणार होते, आठवण म्हणून, पण वहिनीने ते माझ्या हातातून घेतलं. पदराने पुसलं, टाकीच्या तोंडावर पुन्हा ताणलं, भोक मधोमध येईल असं दोनदा सरकवून पाहिलं, रबरबँड चढवला आणि झाकण फिरवून घट्ट केलं.

"असू दे," ती म्हणाली. "पाऊस अजून गेला नाय."